रंग गिळणारं पाणी

शाळेच्या तपासणीला आलेले एक साहेब आमच्या प्रयोगशाळेच्या दारातच थांबले, आत नजर टाकली आणि म्हणाले, "बाई, ही लॅब तर एकोणिसाव्या शतकातली आहे." मुख्याध्यापक हसले. मीही कसनुसं हसले आणि दिवसभर धुमसत राहिले.

संध्याकाळी स्कूटीवरून घरी जाताना मात्र वाटलं, साहेब बोलले ते खरंच आहे की. आमच्याकडे स्पिरिटचे दिवे होते, काचेच्या नळ्या, चंचुपात्रं, एक तराजू, थेंब मोजून सोडायच्या तोटीच्या नळ्या म्हणजे दोन-चार ब्युरेट आणि कपाटभर बाटल्या. दीडशे वर्षांपूर्वीचा एखादा रसायनशास्त्रज्ञ उठून आमच्या खोलीत आला असता, तर त्याला एकही वस्तू परकी वाटली नसती. उलट बाह्या मागे सारून तो कामाला लागला असता. कारण असल्याच सामानावर त्या लोकांनी मूलद्रव्यांमागून मूलद्रव्यं शोधली, अणूंची वजनं काढली, डांबरातून जांभळा रंग काढून बाजारात आणला. मग आम्हाला कमी काय होतं? मी ठरवलं, आपली लॅब एकोणिसाव्या शतकातली आहे ना, मग ते शतक तरी मुलांना नीट शिकवू.

नेवाशाच्या अंगाला, कालव्याच्या पाण्यावर उसाचं झालेलं ते गाव. शाळेला जोडून अकरावी-बारावीचं सायन्स होतं. ज्यांना परवडायचं ती मुलं नावापुरता इथे प्रवेश घेऊन नगरला नाहीतर लातूरला क्लासला जायची. वर्गात उरायच्या त्या बहुतेक मुली. 'मुलीला कशाला एवढ्या लांब' म्हणून मागे ठेवलेल्या. त्यांना मी सांगायचे, तुमच्या घरी युरियाची गोणी येते ना, तो युरिया आधी फक्त प्राण्यांच्या मूत्रातच सापडायचा. तेव्हाचे मोठमोठे विद्वान म्हणायचे, जिवंत शरीरातलं द्रव्य माणसाला भांड्यात बनवता येणारच नाही, त्याला प्राणशक्ती लागते. आणि एका जर्मन शिक्षकानं ते भांड्यात बनवलं. दुसरंच काहीतरी करायला गेला होता, स्फटिक वेगळे दिसले, तर फेकून न देता तपासत बसला.

ही गोष्ट मला माझ्या वडिलांनी सांगितली होती. ते नगरला मिशनच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, मग देवाला राग नाही का आला? ते म्हणाले होते, देवाला राग खोटं बोलण्याचा येतो, स्फटिकांचा नाही.

मुलींना सगळ्यात आवडायचा तो ज्योतीचा प्रयोग. तारेच्या टोकावर मीठ घेऊन ज्योतीत धरलं की पिवळा रंग, तांब्याच्या क्षाराचा हिरवा, पोटॅशियमचा फिकट जांभळा. जर्मनीतल्या दोघा मित्रांनी असल्याच ज्योतीकडे लोलकातून पाहिलं होतं, आणि त्यांना एका झऱ्याच्या पाण्यात कुणालाच ठाऊक नसलेलं मूलद्रव्य सापडलं. त्यासाठी त्यांनी ते पाणी गाड्यांनी आणून आटवलं होतं. मी हे सांगत असताना मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या विहिरीचं पाणी आटवून पाहायचं का? त्यात काय हाय ते कुणीच सांगेना."

ती वर्गात फारशी बोलायची नाही. दुसऱ्या दिवशी तिनं शीतपेयाच्या मोठ्या बाटलीत पाणी आणलं. कोरा चहा असावा तसा रंग. बूच काढलं तर सडलेल्या गुळासारखा वास आला.

तो वास कुठला हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. गावाच्या वरच्या अंगाला मळीपासून स्पिरिट काढणारा एक खाजगी कारखाना झाला होता. स्पिरिट काढून झालं की मागे जे काळं पाणी उरतं, त्याला आमच्याकडे लहान पोरंही स्पेंटवॉश म्हणतात. ते साठवायला कारखान्यानं कच्ची तळी खोदली होती. पावसाळ्यात ती भरली की एका चरातून ते ओढ्यात उतरायचं, ओढ्याचं पाणी काळं व्हायचं, आणि पुढे ओढ्याकाठच्या विहिरी. कारखान्याचे लोक म्हणायचे, आमचा थेंबही बाहेर जात नाही. तुमच्या विहिरीत पालापाचोळा कुजतो, तुमचे उकिरडे झिरपतात. गावातली बरीच पोरं तिथे कामाला. त्यामुळे बोलायचं ते घरात बसून.

त्या मुलीची आई दुधाचा धंदा करायची. मी शाळा सुटल्यावर तिच्या मळ्यात गेले. अंगानं बारीक, बोलायला तडकफडक बाई. तिनं मला विहिरीवर नेलं, बादलीभर पाणी शेंदलं आणि गाईपुढे ठेवलं. गाईनं हुंगून तोंड फिरवलं.

"तिला लिहिता-वाचता येत न्हाई, बाई," ती म्हणाली. "पर तिला कळतंय. आमी सांगितलं की साहेब लोक म्हनत्यात, पुरावा काय?"

मग आम्ही पुरावा काढायला बसलो. पोटॅशियम परमँगनेट म्हणजे विहिरीत टाकायचं लाल औषध, हे खेड्यात सगळ्यांना माहीत. पाण्यात टाकलं की गर्द जांभळं होतं. पाण्यात काही सडकं, कुजकं असलं की ते हा रंग खाऊन टाकतं. युरोपातली शहरं आपापल्या नद्यांची गटारं करत होती, लंडनच्या नदीच्या दुर्गंधीनं तिथल्या संसदेला बसणं मुश्किल केलं होतं, त्या काळात रसायनशास्त्रज्ञांनी या जांभळ्या रंगानं पाणी तपासायला सुरुवात केली. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचा. पाणी चांगलं असेल तर लगेच गुलाबी होतं आणि गुलाबीच राहतं. वाईट असेल तर रंग गिळत राहतं.

पहिल्या दिवशी आमचा प्रयोग बिघडला. रंग जायच्या ऐवजी पाणी तपकिरी, गढूळ झालं. मुली हिरमुसल्या. मलाही क्षणभर कळेना. मग लक्षात आलं की आम्ही आम्ल फारच कमी घातलं होतं. पुन्हा केलं. विहिरीच्या पाण्याला मुळातच रंग होता, म्हणून ते शुद्ध पाण्यात पातळ करून घेतलं आणि शेजारी नुसतं शुद्ध पाणी ठेवलं. शुद्ध पाणी लगेच गुलाबी झालं. विहिरीचं पाणी मात्र पातळ करूनही गिळत राहिलं. मुली आलटून पालटून ब्युरेटची तोटी धरत होत्या.

तेवढ्यावर थांबून चालणार नव्हतं, कारण कुजका पालाही रंग खातो आणि शेणही खातं. हे मी मुलींना आधीच सांगितलं. पाणी वाईट आहे एवढंच हा रंग सांगेल, कुणी वाईट केलं ते नाही सांगणार. मग मुलींनीच उपाय काढला. कारखान्याच्या वरच्या बाजूच्या विहिरी, खालच्या बाजूच्या, ओढ्याला लागून असलेल्या, ओढ्यापासून लांबच्या, अशा सगळ्या विहिरींचं पाणी त्या घेऊन आल्या. उकिरडे आणि झाडं तर सगळीकडेच होती. पण रंग गिळत होत्या त्या फक्त ओढ्याकाठच्या, कारखान्याच्या खालच्या विहिरी. आटवलेल्या पाण्याचा खडा ज्योतीत धरून, मिठाचा पिवळा लपावा म्हणून निळ्या काचेतून पाहिलं, तर त्याच विहिरींची ज्योत जास्त जांभळी. स्पेंटवॉशमध्ये पोटॅशियम भरपूर असतं. खतातही असतं, हे खरं. पण खत वरच्या शेतांनाही तेवढंच पडत होतं.

ही गोष्ट शाळेबाहेर जायला वेळ लागला नाही. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. तसे ते वाईट गृहस्थ नव्हते. घाबरट होते, आणि निवृत्तीला आले होते. म्हणाले की आपल्या संस्थेच्या स्थानिक समितीवर कारखान्याच्या मालकांचे व्याही आहेत, शाळेच्या नव्या खोल्या त्यांच्याच देणगीतून होणार आहेत, आणि अभ्यासक्रमात हा प्रयोग नाही. मी म्हणाले की अनुमापन, म्हणजे ब्युरेटनं थेंब मोजणं, अभ्यासक्रमात आहे. ते म्हणाले, विहीर नाही. त्याच संध्याकाळी प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडून काढून घेतली. कारण सांगितलं की खोलीची डागडुजी करायची आहे.

खरं सांगते, त्या रात्री मला रडू आलं नाही. मला एक विचित्र हलकेपणा वाटला. लॅबमध्ये असं काय होतं, जे बाहेर मिळणार नाही? दुसऱ्या रविवारी चर्च झाल्यावर मी नगरच्या बाजारात गेले आणि शाळा-कॉलेजांना सामान पुरवणाऱ्या दुकानातून एक ब्युरेट, स्टँड आणि थोडी काचेची पात्रं घेतली. परमँगनेट औषधाच्या दुकानात मिळालं. सल्फ्युरिक आम्लासाठी बॅटरीच्या गॅरेजमध्ये गेले. ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालतात ते तेच असतं, आधीच पातळ केलेलं. आणि तिथेच डिस्टिल्ड वॉटरचे कॅन. गॅरेजवाल्यानं विचारलं, "कोनती गाडी हाय, बाई?" मी म्हणाले, विहीर आहे.

ग्रामसभेत विषय मांडायला त्या दूधवाल्या बाईनं आणि ओढ्याकाठच्या घरांनी अर्ज दिला होता. सरपंचांना तो टाळता आला असता, पण आमच्या जिल्ह्यात हिवरे बाजारसारखं गाव असल्याचा एक तोटा आहे पुढाऱ्यांना. कुणीही उठतं आणि विचारतं, तिथली ग्रामसभा पाणी मोजते, मग आपली का नाही? सभा मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात भरली. बायका नेहमीपेक्षा खूपच जास्त आल्या होत्या. कारखान्याकडून एक तरुण केमिस्ट आला होता, इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. मुख्याध्यापकही आले होते आणि मागे, खांबाला टेकून उभे होते.

मी टेबलावर स्टँड लावला. अंगणवाडीतल्या सेविकेनं गॅसची शेगडी दिली होती. मी पहिल्यांदा सगळ्यांना लाल औषधाची पुडी दाखवली आणि विचारलं, हे कुणाकुणाला माहीत आहे? मंडपातले बहुतेक हात वर गेले. मग काय होणार आहे ते आधी सांगितलं. जादूगार आधी सांगत नाही, मी सांगणार, म्हटलं. चांगलं पाणी असेल तर गुलाबी होईल, आणि वाईट असेल तर रंग खाईल. पाणी मी आणलेलं नव्हतं. ज्याच्या त्याच्या विहिरीचं ज्याने त्याने आणलं होतं.

वरच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी आधी घेतलं. गरम केलं, आम्ल घातलं, तोटी सैल केली. गुलाबी झालं आणि गुलाबीच राहिलं. मग त्या दूधवाल्या बाईच्या विहिरीचं, पातळ करून. जांभळा थेंब पडला आणि विरला. पुढचा पडला, विरला. मी तोटी जास्त सैल केली. पाणी सगळं गिळत होतं. पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांनी माना पुढे काढल्या. ब्युरेटमधला रंग खाली येत होता आणि लोक तो खाली येताना बघत होते.

केमिस्ट उठला. तो उर्मट नव्हता, हे सांगायला हवं. त्यानं शांतपणे सांगितलं की ही पद्धत एकोणिसाव्या शतकातली आहे, आता ती कुणी प्रमाण मानत नाही, आता यंत्रं आहेत, मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आहेत. आणि या रंगावरून पाणी कुणी खराब केलं हे सिद्ध होत नाही.

मी म्हणाले, "तुमचं शेवटचं वाक्य बरोबर आहे. एकट्या रंगावरून होत नाही. म्हणून आम्ही विहिरींचा नकाशा केलाय, तो मागे देवळाच्या भिंतीवर लावलाय. आणि पद्धत जुनी आहे हेही खरं. पण तिला जुनी म्हणता येतं, खोटी म्हणता येत नाही. तुमच्याकडे नवं यंत्र आहे ना? मग याच विहिरींचं पाणी, या लोकांच्या समोर बाटलीत भरून न्या, तपासा, आणि आकडे इथे चावडीवर लावा. माझी पद्धत चुकली असेल तर मी याच टेबलाशी उभी राहून सांगेन."

तो काही बोलायच्या आत दूधवाल्या बाई उभ्या राहिल्या. हातात पाण्याचा तांब्या होता.

"सायेब, यंत्र ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "ह्ये घ्या माझ्या हिरीचं पानी. तुमी एक घोट प्या, मी माझा अर्ज परत घेते."

त्यानं तांब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला त्याची दया आली, कारण तो माझ्याच विषयाचा विद्यार्थी होता आणि त्या पाण्यात काय आहे ते मंडपात माझ्याखालोखाल त्यालाच कळत होतं. तो खाली बसला. ग्रामसभेनं ठराव केला की तळ्यांना अस्तर लावेपर्यंत आणि ओढ्यात जाणारा चर बुजवेपर्यंत कारखान्याला हवं असलेलं गावाचं ना-हरकत पत्र रोखायचं, आणि बाटल्या लोकांसमोर सील करून तपासणीला पाठवायच्या. मागे पाहिलं तर मुख्याध्यापक निघून गेले होते.

माझ्या वाट्याचं बक्षीस लवकरच आलं. नगरला संस्थेच्या कार्यालयात मला बोलावणं आलं. लांब टेबलाच्या पलीकडे पदाधिकारी बसले होते. त्यांनी चहा दिला, माझ्या नोकरीतल्या कामाचं कौतुक केलं, आणि मग सांगितलं की कारखान्यानं तक्रार केली आहे. उपाय सोपा होता. ग्रामसभेत दाखवलेला प्रयोग केवळ शैक्षणिक होता, त्यावरून कुठलाही निष्कर्ष काढता येत नाही, असं मी लेखी द्यायचं आणि गैरसमज झाल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करायची. कागद टाईप करून तयारच होता.

मी तो वाचला. चांगल्या मराठीत होता. त्यांना म्हणाले, "साहेब, तुम्ही म्हणता तसं लिहून दिलं तर मला उद्या मुलींना हा धडा शिकवता येणार नाही. तिथे रंग गेला तो मी घालवला नाही. पाण्यानं घालवला. माफी कुणी कुणाची मागायची?"

एका गृहस्थांनी मला समजावलं की बाई, हट्ट बरा नाही. मी म्हणाले, हट्ट असेल तर हट्ट. चहा अर्धा राहिला होता, तो संपवला आणि उठले.

तिथून वडिलांकडे गेले. आता त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून सगळं मोठ्यानं सांगावं लागलं, शेजाऱ्यांनीही ऐकलं असणार. त्यांनी एवढंच विचारलं, सही केलीस का? मी मान हलवून नाही म्हटलं. "मग जेवून जा," ते म्हणाले आणि वहिनीला पान वाढायला सांगितलं.

बदली झाली ती अकोल्याला, विदर्भातल्या नव्हे, आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात. जिल्ह्याचं पूर्वेकडचं सपाट टोक माहीत असलेल्या माणसाला पश्चिमेच्या डोंगरात पाठवलं की ती शिक्षा होते, असा संस्थेचा समज असावा. मुलींनी निरोप समारंभ करायला परवानगी मागितली, ती मिळाली नाही. मग त्या एस.टी. स्टँडवर आल्या, सगळ्या. त्यातली ती विहिरीची मुलगी आता नगरला बी.एस्सी. करते. तिच्या आईनं मला सांगितलं की पोरगी घरात प्रत्येक गोष्टीला 'कशावरून' म्हणते, लई ताप झालाय.

कारखान्याचं काय झालं, असं मला लोक विचारतात. बाटल्यांच्या तपासणीला कितीतरी महिने लागले, आणि आलेलं उत्तर मोघम होतं. कुणाला शिक्षा झाली नाही. पण ग्रामसभेनं ना-हरकत खरंच रोखून धरलं, दोनदा दबाव आला तरी सोडलं नाही, आणि शेवटी तळ्यांना अस्तर लागलं, चर बुजला. मागच्या पावसाळ्यानंतर त्या बाईंनी विहीर पूर्ण उपसून घेतली. पाणी अजून पिण्यासारखं नाही. गाई पितात.

इकडे अकोल्यात डोंगराच्या कुशीत शाळा आहे. भाताची खाचरं खिडकीपर्यंत येतात, मुलं जीपला लटकून येतात, आणि विज्ञानाची खोली म्हणजे कुलूप लावलेलं एक लाकडी कपाट. पहिल्या आठवड्यात इथल्या मुख्याध्यापिका मला हळूच म्हणाल्या, तुमच्याबद्दल ऐकलंय. कौतुकानं म्हणाल्या की सावधगिरीनं, ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. मधे संस्थेतून निरोप आला होता की तो कागद अजून फाईलमध्ये आहे, सही केली तर जूनपासून जुन्या शाळेत परत येता येईल. मी निरोप आणणाऱ्याला म्हटलं, फाईल जपून ठेवा म्हणावं.

यंदा इथे अकरावी सायन्स सुरू करायचं घाटतंय. मला विचारलं, रसायन शिकवाल का. शिकवीन म्हटलं, पण नुसत्या फळ्यावर नाही. आधी खोलीत एक ओटा बांधा आणि नळ बसवा. संस्थेचे लोक म्हणाले, पुढच्या वर्षी पाहू. मी गवंड्याला बोलावून माप घेतलंय.